पाडव्याला सुटलेला गडी

"तुमचा भाऊ पळाला, मॅडम," उत्तमराव म्हणाला. "पळालेल्या माणसाचं मी काय करू?"

अमरावतीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत खाली त्याचं बियाण्यांचं दुकान आहे आणि वर माणसं परदेशी पाठवायचं ऑफिस. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो फक्त बियाणं विकायचा. बियाणं उगवलं नाही की लोक दुकानात येऊन भांडत. माणसांच्या धंद्यात तशी कटकट नव्हती. ती फार लांब पेरलेली असत.

"तो पळाला नाही," मी म्हणाले. "त्याचं साल संपलं होतं."

"साल!" उत्तमराव हसला. "सौदीत काय साल राहते, मॅडम?"

"तुम्हीच सांगितलं होतं त्याला. आपल्या सालदारीसारखंच आहे म्हणून. माझ्या आईसमोर, आमच्या अंगणात बसून."

"समजावासाठी काही तं सांगा लागते ना. त्याले काय अरबी वाचून दाखवू? तुमी शिकलेल्या बाई, तुमाले समजाले पाह्यजे." त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि दुसऱ्याच कोणाशी तरी बोलायला लागला. मी उठेपर्यंत तो बोलत राहिला.

कुलदीप माझा धाकटा भाऊ. मी तिवस्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कुलदीपचं वर्गात कधी मन लागलं नाही. त्याला जनावरं आवडत. दहावी सुटल्यावर त्याने आमच्याच गावच्या खुशालरावांकडे सालदार म्हणून सलग चार सालं केली आणि तो तिथे खूश होता. मग खुशालरावांनी निम्मी जनावरं विकली, वावर बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, दिलं, आणि त्यांना गड्याची गरज उरली नाही. त्याच पाडव्यानंतर उत्तमराव आमच्या अंगणात आला.

आमच्याकडे सालदाराचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. वर्षभर गडी त्या घराचा. पहाटे गोठा, दिवसभर वावर, पीक उभं असलं की रात्री जागल. मध्येच सोडून जायचं नाही. पण पाडव्याला मालकानेही अडवायचं नाही. गडी सकाळी अंघोळ करून येतो, बैलांच्या पाठीवरून हात फिरवतो, अवजारं जागच्या जागी ठेवतो, मालकाला राम राम घालतो आणि सुटतो. दुपारी तो दुसऱ्याच्या वावरात असू शकतो, अगदी बांधाला बांध लागून असलेल्या. यात कोणाचा अपमान होत नाही. उलट, न सांगता वर्षाच्या मध्ये गेलेल्या गड्याला गावात पुन्हा कोणी उभं करत नाही.

कुलदीप सौदीत, रियाधजवळच्या अल-खर्जच्या बाजूला एका शेतावर लागला. मेंढ्या, चारा, खजुराची झाडं, पाण्याची मोटर. पोचल्या दिवशी मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला तेव्हा त्याला काही वाटलं नाही. महत्त्वाची वस्तू मालकाच्या कपाटात असते, हे त्याला सवयीचं होतं. करार त्याच्या हाती पडला तो मुंबईच्या विमानतळावर, पाकिटात, इंग्रजी आणि अरबीत. मी आधी दोनदा मागितला होता. "तिकडूनच येते, मॅडम," असं उत्तर दोन्ही वेळा मिळालं.

दोन हजार बारा सालच्या पाडव्याच्या आधी त्याने फोनवर आईला तारीख विचारली. पाडव्याच्या संध्याकाळी पुन्हा फोन आला, आणि तो खुशीत होता.

"माय, मी सुटलो. शेजारच्या फार्मवर लागलो. तो मालक कईचा ये म्हणून राहिला होता."

"अन् जुना मालक?" आईने विचारलं.

"त्याले सलाम केला, मोटरीच्या चाब्या देल्ल्या, मेंढ्या मोजून देल्ल्या. त्यानं पाह्यलं नुसतं माह्याकडं. काई बोलला नाई."

आईने शेजारी साखर वाटली.

जुन्या मालकाने त्याच आठवड्यात नोंदवलं की त्याचा कामगार फरार आहे. हे कुलदीपला नव्या मालकाने सांगितलं, तेही महिन्याभराने, जेव्हा कुलदीपने रियाधला जायची एक दिवस सुटी मागितली. तू शेताबाहेर पडू नकोस, पडलास तर पकडतील, असं सांगून त्याने त्याचं जेवण मोटरघरात पाठवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून त्याची बोलण्याची रीतही बदलली. जो माणूस कुठेही जाऊ शकत नाही त्याच्याशी गोड बोलायची गरज नसते.

माझी सहकारी बिल्कीस अकोल्याची. तिचे वडील अब्दुल रहीम अठरा वर्षं सौदीत ट्रक चालवून परत आले होते. मी रविवारी त्यांच्याकडे गेले. अकोट फैलातल्या त्यांच्या घरी ते दारातच खाट टाकून बसले होते. मी सांगत गेले आणि ते मान हलवत गेले. पाडव्याच्या भागाला मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

"या अल्ला. चाब्या देऊन गेला? सांगून?"

"हो."

"बेटा, इतक्या वर्षांत लय पळालेले पाह्यले म्या. सलाम करून पळालेला पह्यलाच."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नव्हतं.

"इकडे लोकांले वाटते व्हिसा म्हंजे तिकीट," ते म्हणाले. "तिकीट नाई ते. दावं आहे. ज्याच्या नावानं व्हिसा, त्याच्याच खुट्याले बांधलेलं. त्याले कफील म्हणतात. दुसऱ्याकडं काम करनं गुन्हा, मंग तो दुसरा लागून असो का दहा कोसांवर."

"करार दोन वर्षांचा होता. समजा तो पूर्ण झाला असता, चाचा. मग तरी?"

"तरी बी त्याची परवानगी पाह्यजे. दुसरीकडं लागाले बी, अन् घरी वापस याले बी. देशातून निघाचा शिक्का त्याच्याच सहीनं भेटते."

"आणि फरार आहे असं त्याने कळवलं, तर ते खरं की खोटं कोण तपासतं?"

"त्याले हुरूब म्हणतात. लावाले एक माणूस पुरते. ज्याच्यावर लागलं त्याले इचाराले कोनी येत नाई."

मी मुलांना प्रयोगवहीत शिकवते की एकट्याच्या सांगण्याला निरीक्षण म्हणतात, निष्कर्ष नाही. दुसऱ्याने बघेपर्यंत थांबायचं. अकरावीची मुलंही हे मानतात. एका देशाचं सरकार मानत नव्हतं.

"कामगाराला काहीच हक्क नाही?"

"हायेत ना. पासपोर्ट कफीलनं ठेवाचा नाई, हा त्यांचाच नियम. ठेवतात समदे. दुकानातल्या, कंपनीतल्या माणसाले लेबर कोर्ट हाये. पण घरकामाच्या अन् लहान शेतावरच्या माणसाले तो कायदाच लागत नाई. तुह्या भावाच्या व्हिसावर काय लिहिलं? शेतमजूर. झालं." त्यांनी हात झटकले. "आता दोन रस्ते. ज्यानं हुरूब लावलं तोच काढू शकते, तेबी लवकर. म्हंजे कफीलच्या हातापाया पडा. नाई तं आपल्या दूतावासात जाचं, तिथून कागद घ्याचा, अन् स्वतःहून तरहीलमधी हजर व्हाचं. तरहील म्हंजे परत धाडाच्या लोकांची जेल. तिथून विमानात बसवतात. बोटांचे ठसे घेतात, मंग त्या देशात पुन्हा काम नाई."

"किती दिवस ठेवतात?"

"कोनी आठवड्यात आला, कोनी सहा महिन्यांत. त्याचा काई हिसाब नाई."

परतीच्या बसमध्ये मी उत्तमरावाचं ते वाक्य आठवत होते. सालदारीसारखंच आहे. तो बियाणं विकणारा माणूस. सालदारी काय असते हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. दोन वर्षांचं बंधन त्याला शहरी शब्दांत सांगता आलं असतं, मग कुलदीपने चार प्रश्न विचारले असते. ओळखीची गोष्ट सांगितली की प्रश्न येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी खुशालराव आमच्याकडे आले. गावभर बातमी झाली होती. ते सत्तरीचे आहेत, गुडघ्यांनी चालवत नाही, तरी उंबऱ्यातच उभे राहून बोलले.

"पाडव्याले सुटलेल्या गड्याले पळाला म्हणते? कोन म्हणते? चाल, मले घेऊन चाल त्याच्याकडं."

"काकाजी, तुम्ही बसा आधी."

"बसत नाई मी. चार सालं होता माह्याकडं. एक दिवस खाडा नाई त्याचा."

आम्ही अमरावतीची बस धरली. मोझरीला बस रिकामी झाली आणि त्यांना खिडकी मिळाली. ते सारखे तेच बोलत होते: अशी बेइमानी कुठे असते का, गडी सांगून जातो आणि मालक पोलिसात जातो.

"काकाजी," मी म्हणाले, "कुलदीप तुमच्याकडून दिवाळीत सोडून गेला असता तर?"

"दिवाळीत कायले जाईन? कापूस वेचाचा राह्यते."

"समजा गेला असता."

"मंग आणा लागला असता."

"कसा?"

"कसा म्हंजे… दोन मानसं धाडून. मारलं नसतं पण. आमच्यात मारत नाई गड्याले."

"त्यालाही तिकडे अजून कोणी मारलेलं नाही."

त्यांनी हातातली काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरली. मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं. माझ्याबरोबर निघालेले ते एकटेच होते. पण ते वाक्य मी परतही घेतलं नाही.

ऑफिसात त्या दिवशी गर्दी होती. पाडवा होऊन महिना उलटला होता. ज्यांना यंदा साल मिळालं नाही ते लोक उत्तमरावाने बोलावले होते. बाकांवर सात-आठ जण बसलेले, तिशीच्या आतबाहेरचे. त्यांचे पासपोर्ट टेबलावर एकावर एक रचलेले होते.

"मॅडम, आज नाई. इंटरव्ह्यू चालू हायेत," उत्तमराव म्हणाला.

"तुम्ही त्या कफीलला आत्ता फोन लावा. फरारीची नोंद त्याने मागे घ्यायला हवी."

"सांगतलं ना, आज नाई."

"मग मी थांबते." मी बाकावर बसले. शेजारच्या माणसाला विचारलं, "कुठे चाललात?"

"सौदी. फार्मवर."

"व्हिसावर काम काय लिहिलंय, विचारलंत?"

"फार्मच असन ना."

"आणि मालक पटला नाही तर दुसरीकडे लागता येतं का, हे विचारलंत?"

पलीकडचा एक हसला. "मॅडम, आमी सही करतो, वाचत नाई. वाचनारे तुमी."

"अबे, ऐकून घे," खुशालराव म्हणाले. "माह्या गड्यावर बेतली हाये."

"मॅडम!" उत्तमराव उठून उभा राहिला. "हे माझं ऑफिस हाये. कॉलेज नाई."

"तुमचा नोंदणी क्रमांक कुठे आहे? परदेशी कामगार पाठवणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. मला बघायचाय."

त्याने भिंतीकडे बोट केलं. चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेलं होतं. मी जवळ जाऊन वाचलं.

"हे बियाणं विक्रीचं आहे."

बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. उत्तमरावाचे कान लाल झाले. "मुंबईच्या एजन्सीचं लायसन हाये. मी त्यांचा माणूस."

"मग त्यांचा क्रमांक द्या. मुंबईला उत्प्रवासी कामगारांसाठी सरकारी कार्यालय आहे, तिथे तक्रार करायची आहे. परवान्याशिवाय किती माणसं पाठवलीत, तेही त्यांना विचारू द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, आणि फोन लावला. मी म्हणाले, आवाज मोठा ठेवा, सगळ्यांना ऐकू दे. तिकडून शेताचा मुकादम हिंदीत बोलला. त्याला उत्तमराव फार अदबीने "भाईसाब" म्हणत होता. मुकादम मालकाला विचारून आला, आणि अटी सांगितल्या. तीन दिवसांत परत यायचं. नोंद काढून टाकू. मागचं वर्ष धरायचं नाही. दोन वर्षं आजपासून पुन्हा सुरू. आणि पुन्हा गेला, तर मग त्याची खैर नाही.

"झालं!" उत्तमराव फोन ठेवत म्हणाला. "काम झालं तुमचं. मालक देवमाणूस निघाला. दोन सालं काय, चुटकीत जातात."

"दोन वर्षांनी तो परवानगी देईलच, याची हमी काय?"

"देते हो. समदेच देतात."

"लिहून देतो का?"

उत्तमराव टेबलावरचे पासपोर्ट नीट रचायला लागला. मी माझा फोन, आवाज मोठा ठेवूनच, कुलदीपला लावला. मोटरीच्या आवाजात त्याचं बोलणं तुटत होतं.

"ताई, बोलला काय तो?"

मी अटी सांगितल्या, जशाच्या तशा.

"अन् वापस गेलो, अन् पुढच्या पाडव्याले सुटतो म्हटलं तं?"

"नाही सुटता येणार. त्याने सही दिल्याशिवाय कधीच नाही."

"मी चोरी केली काय, ताई?"

"नाही."

"मेंढ्या मोजून देल्ल्या. एक कमी नवती. मंग कायचा फरार?"

खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हणाले, "तिथल्या कायद्याने तू चुकलास, कुलदीप. तो कायदाच तसा आहे. तो माणसाला सुटू देत नाही." हे मला माझ्याच भावाला, माझ्याच तोंडाने सांगावं लागलं. उत्तमराव समोर बसून पेनाने कान कोरत होता.

"दुसरा रस्ता?"

मी दूतावासाबद्दल सांगितलं, तरहीलबद्दल सांगितलं. दिवसांचा हिशोब नाही, हेही सांगितलं. ठसे घेतील. परत त्या देशात जाता येणार नाही.

खुशालरावांनी फोन माझ्या हातातून घेतला. "कुलदीप, मी बोलून राहिलो. अबे, वापस जाय त्याच्याकडं. जेल कायले? आपल्या घरात कोनी जेल पाह्यली काय? दोन सालं मान खाली घालून कर."

"मालक," कुलदीप म्हणाला, "तुमी मले पाडव्याले अडवलं असतं तं?"

"मी कायले अडवीन?"

"अडवलं असतं तं, म्हणतो."

खुशालरावांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाकावर जाऊन बसले.

"ताई, मी तिकडंच जातो. तरहीलमधी. जेल तं जेल. तिथून तं घरीच धाडतात ना?"

"घरीच पाठवतात."

"मंग झालं."

"उद्या जेलात गेला न् तिथं माझं नाव घेतलं तं मी ऐकून घेनार नाई," उत्तमराव म्हणाला. "मी मालकाशी बोलणी करून देल्ली. समद्यांसमोर देल्ली."

"तुमचं नाव तो घेणार नाही. मी घेणार आहे. आज, इथून उतरल्यावर."

बाकावरचा सगळ्यात टोकाचा माणूस उठला. टेबलाजवळ येऊन त्याने गठ्ठ्यातून आपला पासपोर्ट शोधून काढला आणि खिशात घातला. उत्तमराव म्हणाला, अरे बस ना, पुंजाराम. तो बसला नाही. जिना उतरून गेला. मी बाकीच्यांकडे बघितलं. कोणी उठेना. मघाशी हसलेला माणूस माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाला, "समजलं, मॅडम. तुमी सांगतलं ते समदं समजलं. पण औंदा इकडं बी कोनी साल देऊन नाई राह्यलं. ते बी सांगा मंग."

मला त्याचाही राग आला. आणि तो चुकीचं बोलत नव्हता, याचा त्याहून जास्त. माझ्याकडे द्यायला वावर नव्हतं, जनावरं नव्हती. म्हणून मी जे होतं तेच दिलं. पासपोर्टच्या सगळ्या पानांची एक प्रत घरी ठेवा, म्हणाले. करार विमानतळावर नाही, इथे मागा, आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. व्हिसा कोणाच्या नावाने आहे ते विचारा. तुम्ही त्याच्याकडेच काम करू शकता, दुसऱ्या कोणाकडेच नाही, आणि त्याच्या सहीशिवाय परत येता येत नाही. उत्तमराव मध्ये बोलायला लागला तेव्हा खुशालरावांनी काठी फरशीवर आपटली.

"ताई," फोनवरून आवाज आला. तो अजून थांबलेला होता. "दूतावासाचा नंबर सांग. पेन नाई माह्याजवळ. पाठ करतो."

मी एकेक आकडा सावकाश सांगितला. त्याने म्हणून दाखवला. शेवटून तिसरा चुकला.

"चुकलं," मी म्हणाले. "पुन्हा म्हण."